धाकट्यापासून सुरुवात

बाबा प्रश्नपत्रिका घेऊन जिना चढले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी हातातली कामं टाकली. टाकण्यासारखं काम कुणाच्या हातात नव्हतंच म्हणा. मोठेकाका सकाळपासून एकच वर्तमानपत्र उलटंपालटं करत होते. आत्याने पेन्सिलींना इतकं टोक काढलं होतं की त्यांनी लिहिण्यापेक्षा शिवण बरं जमलं असतं. आणि भिंगरी, जिचं हे नावच मुळी एका जागी न टिकण्यावरून पडलेलं, ती खिडकी ते दार आणि दार ते खिडकी अशा घिरट्या घालत होती. शेवटी तिची आजी, म्हणजे बाई, म्हणाल्या, "हिला कुणीतरी बसवा रे, मला चक्कर यायला लागली."

"मिळाली?" मोठेकाकांनी विचारलं.

"मिळाली," बाबा धापा टाकत म्हणाले. "एकही पान धूसर नाही."

प्रवेश परीक्षेच्या दिवशी या घरात दरवर्षी हेच चालायचं. पेपर सुटला की बाबा केंद्राच्या फाटकाशी उभे राहायचे, ओळखीच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून प्रश्नपत्रिका मागून तिचे फोटो काढायचे आणि घरी आणून छापायचे. मग सगळं घर जेवणाच्या टेबलाभोवती बसून ती सोडवायचं. अधिकृत उत्तरं संध्याकाळी जाहीर व्हायची, पण तोवर दम धरवतो कुणाला? गावातला प्रत्येक क्लास आपापली उत्तरं दुपारीच लावून टाकायचा. ज्याची उत्तरं संध्याकाळी खरी ठरली त्याच्या जिन्यावर पुढचं वर्षभर चपलांचा ढीग. ज्याची चुकली, त्याच्या जिन्यावर धूळ.

गेल्या वर्षी यांच्या जिन्यावर धूळ साचली होती. इंग्रजीच्या वाक्यदुरुस्तीत दोन उत्तरं चुकली, आणि दोन्ही सर्वनामांची. ज्या क्लासची ओळखच मुळी 'सर्वनामं शिकावीत ती यांच्याकडे' अशी, त्याने सर्वनामातच माती खावी, म्हणजे पोहण्याच्या मास्तरांनी बादलीत बुडण्यासारखं झालं. त्यातच समोरच्या इमारतीत नवा क्लास निघाला. त्याची पाटी एवढी झगझगीत की संध्याकाळी या घरातला दिवा लावला नाही तरी चालायचं. अर्धी मुलं रस्ता ओलांडून तिकडे गेली.

मोठेकाकांनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, आणि कालच्या जेवणात ते सांगूनही टाकलं. यंदा एक जरी उत्तर चुकलं तरी क्लास बंद. समोरच्यांना जागा कमी पडतेच आहे, खालचा हॉल ते आनंदाने भाड्याने घेतील. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्या नेऊन द्यायच्या आणि मोकळं व्हायचं. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नव्हता, पण ताटातलं अन्न तसंच राहिलं होतं.

हा क्लास बाईंनी काढलेला. नवरा अकाली गेल्यावर पदरात तीन मुलं, आणि हातात इंग्रजी सोडून दुसरं काही नाही. पहिली बॅच म्हणजे ही तीन मुलंच: मोठेकाका, आत्या आणि बाबा. शिकवताना आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा नियम. तो इतका अंगवळणी पडला की शिकवणी संपली तरी हाक तीच राहिली, आणि भिंगरीही आजी न म्हणता बाईच म्हणायला लागली. आता बाईंची दृष्टी अधू झाली होती. त्या टेबलाच्या टोकाला बसून फक्त ऐकायच्या.

यंदा भिंगरीला पहिल्यांदाच टेबलाशी जागा मिळाली होती. चुलतभावाला दुसऱ्या गावी नोकरी लागली, काकू त्याचं बिऱ्हाड थाटायला गेली, आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. आजवर भिंगरीचं काम चहाचे कप ने-आण करण्याचं. पण गेल्या सराव परीक्षेत तिने इंग्रजीत अख्ख्या शाळेला मागे टाकलं होतं, आणि तेव्हापासून तिची मान अशी काही ताठ झाली होती की आत्या म्हणायची, हिला आता उशीची गरज नाही.

प्रिंटर म्हातारा. एकेक पान खोकत खोकत बाहेर टाकायचा. इंग्रजीचं पहिलं पान पडताच भिंगरीने ते झडप घालून उचललं आणि स्वयंपाकघरात पळाली. आई चहा गाळत होती.

"आई, हे बघ. सर्वनामाचा आला." आणि तिने उभ्या उभ्या वाचून दाखवलं. वाक्याचे ए, बी, सी असे तीन तुकडे पाडलेले, चूक कुठल्या तुकड्यात आहे ते सांगायचं, आणि चौथा पर्याय, डी, म्हणजे 'चूक नाही'. 'द प्लेअर', मग 'हूम एव्हरीवन थॉट वुड विन', मग 'लेफ्ट द फील्ड अर्ली'.

आईने गाळणीवरची नजरही हलवली नाही. "बी."

"का पण? 'हूम' किती भारदस्त वाटतंय."

"भारदस्त वाटतंय म्हणूनच ठेवलंय तिथे. 'एव्हरीवन थॉट' हा मधेच येऊन बसलेला पाहुणा आहे. त्याला उचलून बाहेरच्या खोलीत बसव. आता घरात काय उरलं?"

"'हूम वुड विन.'"

"'हिम वुड विन' म्हणशील?"

भिंगरी हसत सुटली. "नाही. 'ही वुड विन'. म्हणजे 'हू'."

"झालं तर मग. कप उचल."

आईचं हे असंच. लहान मुलांच्या बॅचला ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती, आणि ती समजावायला लागली की व्याकरण म्हणजे घरातलीच गोष्ट वाटायची, कोण कुणाचं, कोण कुठे बसतं. फक्त ही गोष्ट स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून बाहेर यायची नाही.

टेबलाशी बसायची रीत ठरलेली. टोकाला बाई, मग मोठेकाका, आत्या, बाबा, आई, आणि आता शेवटी भिंगरी. उत्तर सांगायची रीतही ठरलेली. आधी मोठेकाका सांगणार, मग ओळीने एकेक जण 'बरोबर' म्हणणार, आणि बाबा ते संगणकावर टिपणार. गणित आणि सामान्य ज्ञान असं सरसर पार पडलं. 'बरोबर, बरोबर, बरोबर, बरोबर', जणू पायऱ्या उतरणारी चप्पल. भिंगरीही ठसक्यात 'बरोबर' म्हणत होती, आणि तिला वाटत होतं, आपण किती मोठ्या झालो.

मग इंग्रजी आलं. 'बिट्वीन यू अँड आय' असलेला सोपा प्रश्न मोठेकाकांनी चुटकीसरशी सोडवला. 'बिट्वीन' नंतर 'आय' नाही, इंग्रजीतला 'मी' हवा, हे शेंबडं पोरही सांगेल. बरोबर, बरोबर.

पुढचा तोच. मोठेकाकांनी चष्मा वर सरकवून वाक्य दोनदा वाचलं.

"'एव्हरीवन थॉट हूम'. कर्म आहे, म्हणजे 'हूम'च. चूक नाही. डी."

"बरोबर," आत्या म्हणाली.

"बरोबर," बाबा म्हणाले आणि टिपायला लागले.

"बरोबर," आई म्हणाली.

भिंगरीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिने आईकडे पाहिलं. आई टेबलावरचा न पडलेला चहाचा डाग पुसत होती.

"आई," भिंगरी म्हणाली, "तू मघाशी बी म्हणालीस."

प्रिंटरसुद्धा खोकायचा थांबला.

"मघाशी घाईत होते," आई हळू म्हणाली.

"घाईत नव्हतीस. पाहुण्याला बाहेर बसव म्हणालीस. मला पटलं पण ते."

आत्याचे डोळे बारीक झाले. टेबलाशी बसून दोन घटका झाल्या नाहीत तोच कानामागून आली आणि तिखट झाली, असं काहीसं ती पुटपुटली. बाबांनी नेहमीप्रमाणे पांघरूण घालायला घेतलं: लहान आहे, पहिलाच दिवस आहे, दादा, तुम्ही पुढचा प्रश्न घ्या. पण मोठेकाकांनी पुढचा प्रश्न घेतला नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भिंगरीच्या आई, तुमचं उत्तर काय होतं?"

भिंगरीने टेबलाखालून आईचा हात शोधला.

"बी," आई म्हणाली. "'थॉट'चं कर्म 'हूम' नाही, दादा. सगळ्यांना वाटलं की *तो* जिंकेल. 'वुड विन'ला कर्ता हवा. म्हणून 'हू'."

"मग 'बरोबर' का म्हणालात?"

आईने पुन्हा तो डाग पुसायला घेतला. पण भिंगरीच्या डोक्यात भलतंच चाक फिरायला लागलं होतं, आणि एकदा फिरायला लागलं की तिच्याच्याने ते थांबायचं नाही. तिने विचारलं, "गेल्या वर्षीचे दोन प्रश्न? ते चुकलेत हे तेव्हा कुणाला कळलं होतं का?"

"मला पहिल्याची शंका होती," आई म्हणाली.

बाबांनी घसा खाकरला. संगणकाच्या पडद्याकडेच पाहत ते म्हणाले, "दुसऱ्याची मला. पण ताई बरोबर म्हणाली, तेव्हा वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय."

आता सगळे आत्याकडे पाहायला लागले. आत्या वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितशोधक. दुसऱ्याच्या चुका काढणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. बोलण्यात तिला कुणी हरवलेलं भिंगरीने पाहिलं नव्हतं. तिने एक टोकदार पेन्सिल उचलली, परत ठेवली.

"मला दोन्ही माहीत होती," ती म्हणाली. "दादाने सांगितल्यावर कशाला बोलायचं, म्हणून गप्प बसले. तीनशे पानांत एक स्वल्पविराम चुकला तर मी संपादकाच्या उरावर बसते. आणि घरी आले की मूग गिळते."

म्हणजे झालं असं होतं की उत्तर घरात होतं. घरभर होतं. तरी फळ्यावर लागलं ते चुकीचं, आणि वर्षभर सगळ्यांनी मिळून त्याचा सुतक पाळल्यासारखा शोक केला. भिंगरीला हसावं की रडावं कळेना. तिला खरं तर दोन्ही येत होतं.

मोठेकाकांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी तुमची तोंडं दाबून धरली होती? वर्षभर मी झोपलो नाही. वर्षभर मला वाटतंय, मी म्हातारा झालो, माझं इंग्रजी गंजलं, माझ्यामुळे बाईंचा क्लास बुडाला. आणि तुम्ही सगळे..."

"तू कुठे दाबलीस रे," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "आम्हीच ओठ शिवून घेतले. आणि दोरा आम्हीच आणला."

"मी कधी कुणाला अडवलं का? सांगा ना. एकदा तरी?"

मोठेकाकांनी खरोखरच कधी अडवलं नव्हतं. फक्त त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं, आणि त्यांना कुणी.

मोठेकाका उठले. खुर्ची मागे सरकल्याचा कर्कश आवाज झाला. ते दाराकडे वळले तसं भिंगरीच्या मनात आलं, आपण टेबलाशी बसलो काय आणि टेबलच मोडलं काय. एक क्षण तिला वाटलं, आपण चहाचेच कप उचलत बसलो असतो तर बरं झालं असतं. पण हा विचार तिच्यात फार काळ टिकला नाही. ती ताडकन उभी राहिली.

"मोठेकाका, माझ्यापासून सुरू करू या."

ते थांबले.

"म्हणजे उलट," ती भराभर बोलायला लागली, मधे श्वास घेतला तर धीर सुटेल म्हणून. "आधी मी सांगते. मला काय, मी चुकले तर चुकले, सगळ्यात लहान तर आहे. मग आई, मग बाबा, मग आत्या. तुम्ही शेवटी. कारण तुम्ही आधी बोललात की आमचं डोकं आपोआप हलायला लागतं. आणि कुणी नुसतं बरोबर म्हणायचं नाही. अक्षर सांगायचं आणि का ते सांगायचं."

"घरातली रीत आहे ती, भिंगरी," बाबा म्हणाले. "बाईंनी घालून दिलेली."

मग सगळ्यांनीच बाईंकडे पाहिलं. बाई इतका वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्यात की काय असं वाटावं, पण त्यांची बोटं टेबलावर हळूहळू आपटत होती.

"रीत कसली," बाई म्हणाल्या. "तुम्ही तेव्हा एवढे एवढे होता. तुम्हाला येत नव्हतं म्हणून मी आधी सांगायची. ते शिकवणं होतं. आज तुम्हाला उत्तर काढायचंय. तुम्ही मोठे झालात तेव्हाच हे बदलायला हवं होतं, पण मला कुणी सांगितलं नाही की तुम्ही मोठे झालात." त्या मोठेकाकांकडे तोंड करून म्हणाल्या, "बस खाली. पोरगी काय म्हणते ते ऐक."

मोठेकाका बसले. एवढ्या वयात असं निमूट बसताना ते शाळेतल्या मुलासारखे दिसले, आणि भिंगरीला त्यांच्याबद्दल एकदम माया दाटून आली.

"तू तुझं सांग मग," ते म्हणाले. "पुढचा प्रश्न. मी नंतर."

पुढचं वाक्य होतं 'इट इज आय', मग 'हू इज टु ब्लेम', मग 'फॉर द डिले'. भिंगरीने ते वाचलं मात्र, तिच्या अंगात वारं भरलं. हे तर तोंडपाठ. 'इट इज मी' असतं तर चूक, 'आय' आहे म्हणजे बरोबर, बस.

"डी. चूक नाही. कारण 'इज'नंतर 'आय'च हवा," तिने खणखणीत सांगितलं.

"बी," आई लगेच म्हणाली. इतकं लगेच, की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "'आय' बरोबर आहे, पण तिथेच टाळ्या वाजवत थांबू नकोस. 'हू' कुणासाठी आलाय? 'आय'साठी. 'आय इज' म्हणतेस का तू? 'हू ॲम' हवं."

"बी," बाबा म्हणाले. "तेच कारण."

"बी," आत्या म्हणाली. "आमच्या कचेरीत हे वाक्य आलं असतं तर मी लाल शाई संपवली असती."

मोठेकाका म्हणाले, "बी," आणि मग भिंगरीकडे पाहत, "पडलीस तोंडावर?"

"पडले," भिंगरी म्हणाली. कान तापले होते, पण गंमत म्हणजे फारसं लागलं नव्हतं. कुणी चिडवून हसलं नाही, आणि जे हसले ते छानच हसले. जमिनीपासून एवढ्याशा उंचीवरून पडलं तर लागतं कुठे फारसं.

त्यानंतर मात्र टेबलाचं रूपच पालटलं. बाबा, जे आजवर फक्त टिपायचे, ते चक्क वाद घालायला लागले. आत्या आणि आई एका प्रश्नावर एका बाजूला, दुसऱ्यावर समोरासमोर. एकदा आत्याने आईला 'वहिनी, हे कुठे लपवून ठेवलं होतंस इतकी वर्षं' असं विचारलं, आणि आई म्हणाली, 'तुझ्या मुगाशेजारी.' चहा गार झाला तरी कुणाला पत्ता नव्हता. मोठेकाका प्रत्येक वेळी शेवटपर्यंत थांबायचे, आणि थांबताना चष्मा पुसत राहायचे. पण हळूहळू ते ऐकायला लागले. एका प्रश्नात सगळ्यांची चार उत्तरं चार दिशांना गेली, तेव्हा त्यांनीच गुंता सोडवला, आणि या वेळी त्यांना मिळालेलं 'बरोबर' पायऱ्यांवरच्या चपलेसारखं वाजलं नाही. चौघांनीही आधी 'का' विचारलं आणि मगच मान हलवली.

शेवटी ते पुन्हा त्या खेळाडूपाशी आले. भिंगरी म्हणाली 'हू', आई म्हणाली 'हू', बाबा, आत्या, सगळे 'हू'. मोठेकाकांनी बराच वेळ घेतला. पाहुण्याला उचलून बाहेर बसवलं, परत आत आणलं, परत बाहेर.

"बी," ते म्हणाले. "मी अजूनही एकट्याने सोडवलं असतं तर डीच म्हणालो असतो."

उत्तरं खाली हॉलच्या दाराशी लागली. आणि थोड्याच वेळात सगळ्यांचे फोन वाजायला लागले.

समोरच्यांची उत्तरं आली होती. चौकातल्या क्लासचीही. बाजारामागच्या जुन्या क्लासचीही. बाकी सगळं थोड्याफार फरकाने सारखं, पण त्या खेळाडूच्या वाक्याला सगळे एकजात 'चूक नाही' म्हणत होते. एकटे हेच 'बी'. विद्यार्थी विचारत होते, पालक विचारत होते, एकाने तर यंदाही का हो, असं विचारून फोन ठेवला. बाबांचा चेहरा उतरला.

"दादा, बदलायचं का? एवढे सगळे एकीकडे. त्यांच्याकडे माणसं आहेत, तज्ज्ञ आहेत. आपलंच काही चुकलं असेल तर..."

मोठेकाका खिडकीशी उभे होते. समोरची झगझगीत पाटी लागली होती. भिंगरीला दिसलं, त्यांचा हात खिशात गेला, तिथे हॉलच्या किल्ल्या होत्या. एक उत्तर चुकलं तर बंद, असं ते स्वतःच बोलून बसले होते. आता ते म्हणाले असते, बदला, तर कुणीही त्यांना दोष दिला नसता. भिंगरीची जीभ वळवळत होती, पण आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मोठेकाका वळले. "पुन्हा विचारू. भिंगरी?"

"हू."

"भिंगरीच्या आई?"

"हू," आई म्हणाली. या वेळी तिचा आवाज स्वयंपाकघरातला होता. "त्या सगळ्यांनीही एकमेकांची उत्तरं पाहूनच लावलीत, दादा. आपण असंच करत होतो, मला ती चाल ओळखू येते."

बाबांनी एक मोठा श्वास घेतला. "हू. बदलायचं नाही."

"हू," आत्या म्हणाली, "आणि आता पुन्हा विचारलंस तर मी पगार मागेन."

"राहू दे मग," मोठेकाका म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या बाकीच्या घराकडे असं पाहिलं, की जणू ती सगळी माणसं त्यांच्या पाठीमागे नाही, शेजारी बसलेली आहेत.

संध्याकाळी अधिकृत उत्तरं आली तेव्हा बाबांना ती वाचवेनात. त्यांनी फोन भिंगरीकडे दिला. ती एकेक अक्षर वाचत गेली, आत्या टोकदार पेन्सिलीने खूण करत गेली, आणि इंग्रजीपाशी आल्यावर भिंगरीचा आवाज आपोआप बारीक झाला. खेळाडूच्या वाक्यापाशी ती थांबली. नुसती थांबली.

"अगं बोल," बाई म्हणाल्या.

"बी," भिंगरी म्हणाली, आणि खुर्चीवरून अशी उडाली की खुर्ची एकीकडे आणि ती दुसरीकडे.

बाबांनी आईला मिठी मारली आणि मग भान येऊन सोडली, तर आईनेच त्यांना धरून ठेवलं. आत्याने उरलेली उत्तरं ताडून पाहिली, एकही चुकलं नव्हतं; मग तिने पेन्सिल मोडून टाकली आणि कुणी पाहिलं नाही ना हे पाहून डोळे पुसले. मोठेकाका बाईंच्या खुर्चीपाशी जाऊन बसले, आणि त्यांनी बाईंचा हात आपल्या हातात घेतला. बाईंनी दुसरा हात त्यांच्या पांढऱ्या केसांवरून फिरवला.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आधी दोन-चार, मग धडाधड. मुलं, त्यांचे आईवडील, गेल्या वर्षी रस्ता ओलांडून गेलेलेही. सगळ्यांना एकच हवं होतं: सगळा गाव 'हूम' म्हणत असताना तुम्हीच 'हू' कसं काढलं? मोठेकाकांनी सगळ्यांना खाली नेऊन हॉलचं दार उघडलं. बाकं भरली, भिंती भरल्या. नेहमीच्या सवयीने मुलांनी त्यांना फळ्यापाशी वाट करून दिली, पण ते तिकडे गेलेच नाहीत. दारात हात पुसत उभ्या असलेल्या आईकडे वळून ते म्हणाले, "तुम्ही सांगा. पाहुण्याची गोष्ट तुमची आहे."

आई एक पाऊल मागे सरकली. भिंगरीने तिला पाठीमागून ढकललं, आणि अगदी थोडंसंच ढकलावं लागलं.

आईने खडू उचलला. वाक्य लिहिलं. 'एव्हरीवन थॉट'वर तळहात ठेवला आणि म्हणाली, याला जरा बाहेर बसवू या, चहा दिलाय त्याला, काळजी करू नका. हॉल हसला. भिंगरी दाराला टेकून पाहत होती. तिला वाटत होतं, हॉलमधल्या प्रत्येकाला ओरडून सांगावं की ही माझी आई आहे.

मग आईने दुसरं वाक्य लिहिलं. नवीन, अवघड. हात झटकले आणि हॉलवर नजर फिरवली. "आता तुम्ही सांगा. मागच्या बाकापासून. पुढच्यांनी मधे बोलायचं नाही."

मागच्या बाकावर, कोपऱ्यात, दुसरीकडे जागाच नव्हती म्हणून मोठेकाका अंग चोरून बसले होते. हॉलभर माना वळल्या. ते उठले. वाक्य पुन्हा वाचलं, ओठ हलवले, आणि म्हणाले, "चूक नाही. डी."

आईने मान डोलावली नाही, हलवलीही नाही. "पुढचा बाक?"

पुढच्या बाकावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती. तिने एकदा मागे वळून मोठेकाकांकडे पाहिलं, मग फळ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. तिचे हात बाकाची कड घट्ट धरून होते.

"सर," ती म्हणाली, "मला नाही तसं वाटत."

मोठेकाकांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जे भिंगरीने आजवर कधीच पाहिलं नव्हतं.

"काय वाटतं तुला?" त्यांनी विचारलं, आणि नीट ऐकू यावं म्हणून पुढे वाकले.